शेकाचा गोटा आणि छपरावरचं पांढरं

दगडाला मन नसतं असं जे म्हणतात, त्यांनी मला कधी बर्फाशेजारी ठेवून पाहिलेलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना गोटा आहे. काळा, गुळगुळीत, मोठ्या माणसाच्या तळहातावर नीट बसेल एवढा. लेसोथोच्या डोंगरात, गवताचं छप्पर असलेल्या एका गोल घरात, चुलीच्या उजव्या अंगाला माझी जागा आहे. शेक देणं हे माझं काम. धरलेली कंबर, आखडलेले गुडघे, बाळंतिणीची पाठ, मेंढरांमागे भिजून आलेल्यांचे खांदे, अशा कितीजणांना मी ऊब दिली याची मोजदाद देवापाशी असेल, माझ्यापाशी नाही. इतकी वर्षं विस्तवात बसून मी कधी जळलो नाही. जळलो तो बर्फावर.

माझा जन्म कसा झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते ओढ्याचं पाणी. सगळे कोपरे त्यानंच झिजवले. मग एक दिवस या घरची नवी सून पाण्याला आली. आज सारं गाव तिला न्खोनो म्हणतं, म्हणजे आजी. पण तेव्हा तिच्या डोईवरची घागर हिंदकळायची. तिनं वाकून दोन गोटे उचलले. एक मी आणि दुसरा माझा भाऊ. घरी आल्या आल्या तिनं भावाला विस्तवात ठेवलं, आणि थोड्याच वेळात तो असा काही फुटला, की त्याची कपची उडून मडक्याला भोक पडलं. ओढ्यातला दगड आतून ओला असतो, ओल्या दगडाला आग सोसत नाही, हे तिला तेव्हा कळलं. मला तिनं अख्खा उन्हाळा फळीवर वाळवलं. त्या दिवसापासून आजपर्यंत तिनं मला ओलं असताना चुलीजवळ नेलेलं नाही.

न्खोनोचा एक नेम आहे. सकाळी चूल पेटवण्याआधी ती हात धुते, कोरड्या फडक्यानं मला पुसते, डोळे मिटून देवाचं नाव घेते, आणि मगच तोंडात पाण्याचा घोट घेते. कोणी दुखणं घेऊन आलं, की गोवऱ्यांचा विस्तव करून मला त्यात ठेवते. निखारे लाल असतात तोवर ती हात लावत नाही. त्यांच्यावर राखेची साय धरली, मीही राखेनं माखलो, की म्हणते, "पांढरं झालं." तिच्या बोलीत लाल म्हणजे अजून नाही आणि पांढरं म्हणजे तयार. मग ती चिमट्यानं मला काढते, झटकते, जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळते आणि आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहते. "माझ्या मनगटाला सोसेल तेवढंच दुसऱ्याच्या अंगाला," हे तिचं ठरलेलं वाक्य.

कौतुकही मी भरपूर ऐकलं. शेजारची मापुलेंग तर उघड म्हणायची, "न्खोनो, तुझा गोटा माझ्या नवऱ्यापेक्षा बरा गं. रात्रभर ऊब देतो आणि घोरत नाही."

पण मित्रांनो, एक गोष्ट मला सलत होती. मला नाव नव्हतं. घोडीला नाव होतं, खान्त्शा. बैलांना नावं होती. अंडी न घालणाऱ्या कोंबडीलासुद्धा होतं. मी नुसता दगड. बरं, तो शब्दही लोक शिवी म्हणून वापरतात. कोणाला काही समजलं नाही, की "डोक्यात दगड भरलेत का?" मी चुलीपाशी मुकाट ऐकत असे.

आणि त्या बर्फाचा मान काय वर्णावा! या घरचा म्हातारा धनी, न्खोनोचा नवरा, जन्मला तो बर्फ पडत असताना. म्हणून त्याचं नाव ठेवलं लेह्लोआ. इकडच्या भाषेत लेह्लोआ म्हणजे बर्फच. आता इकडची रीत अशी, की सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव तर नाहीच, त्या नावाचा शब्दही तोंडातून काढायचा नाही, दुसरा शोधायचा. म्हणजे पाहा, जो कोणी न बोलावता आभाळातून पडतो, दोन दिवस अंगणात लोळतो आणि चिखल करून निघून जातो, त्याचं नाव या घरात अदबीनं टाळायचं. आणि मी जन्मभर राबतो, माझं नाव म्हणजे शिवी. तुम्हीच सांगा, जळणार नाही तर काय करणार?

त्या वर्षी घरात नवी सून आली होती. इकडे सुनेला लग्नातच आईपणाचं नाव देतात. हिचं ठेवलं मातुमेलो, तुमेलोची आई. तुमेलोचा अजून पत्ताही नव्हता. पोर मितभाषी, सासूला म्मे आणि सासऱ्याला न्ताते म्हणून खाली बघून बोलणारी. नवरा कामाला दूर शहरात. तिनं या घरात अजून बर्फ पाहिला नव्हता, त्यामुळे त्याला काय म्हणायचं हेही ठरलं नव्हतं.

आणि बर्फ त्या वर्षी लवकर आला. मेंढरं अजून वर डोंगरातल्या चराईवरच होती. मोलेफी नावाचा गडी त्यांच्यासोबत होता. मेंढ्या गाभण, चारा थोडका, मोलेफीचं पीठ संपत आलेलं. खिंडीतली वाट बर्फाखाली गेली की ती दोघांनाच सापडते, लेह्लोआला आणि खान्त्शाला. घोडी दुसऱ्या कुणाला पाठीवर बसू देत नाही. म्हातारा सकाळीच खोगीर घेऊन निघाला, अंगणातल्या बर्फावरून घसरला आणि पाय मुरगळून खाली बसला.

"काही नाही, काही नाही," म्हणत तो उठला. लंगडत चार पावलं टाकलीही. पण घोटा पाहता पाहता सुजला आणि बुटात पाय जाईना.

"बूट नाही तर रिकीब नाही," न्खोनो म्हणाली, "आणि रिकीब नाही तर मेंढ्या नाहीत."

"मी अनवाणी जाईन."

"जा ना. वरती मोलेफीला मेंढ्यांबरोबर तुमची बोटंही गोळा करू दे."

मातुमेलो डोंगराच्या सोंडेवर चढून गेली. फोन फक्त तिथंच लागतो. खालच्या खोऱ्यातल्या दवाखान्यात केनेइलवे नावाची नर्स आहे, तिला तिनं सगळं विचारलं. धावत परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. वासरू सुटून बर्फात गेलेलं तिला दारातूनच दिसत होतं. ती उंबऱ्यातच म्हणाली, "म्मे, नर्सबाई म्हणाल्या, टेकून उभं राहता येतंय आणि बोटं हलताहेत म्हणजे हाड मोडलेलं दिसत नाही. पाय उशीवर उंच ठेवा. आणि कापडात गुंडाळून पांढरं लावा. लगेच." आणि वासरामागे पळाली.

न्खोनोचा चेहरा फुलला. "ऐकलंत? दवाखान्यातली मुलगीसुद्धा पांढरंच लावा म्हणते. शिकलेली आहे, पण शहाणी आहे हो!"

आणि मी? मित्रांनो, मी विस्तवात असा ऐटीत बसलो म्हणून सांगू! माझी कीर्ती दवाखान्यापर्यंत पोचली होती. बाहेर तो बर्फ छपरावर आयता पसरला होता, त्याच्याकडे मी मनातल्या मनात पाहिलं आणि म्हटलं, पड तिथंच. आजारी माणसाला मी लागतो.

पांढरा झालो. न्खोनोनं मला गुंडाळलं, मनगटाला लावून पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि घोट्यावर ठेवलं.

मी कितीतरी अंगांवर बसलो आहे. जुनं दुखणं माझ्याखाली आधी दबकतं, मग हळूहळू सैल होतं, शेवटी माणूस सुस्कारा सोडतो. हा घोटा तसा नव्हता. आत धाड धाड ठोके पडत होते. माझी ऊब लागली तसे ते जास्तच जोरात पडू लागले. म्हाताऱ्यानं दात आवळले. सूज वर पिंडरीकडे सरकली, बोटं चकचकीत झाली.

"दुखणं बाहेर पडतंय," न्खोनो म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

"बाहेर पडत नाहीये गं, आणखी पाहुणे घेऊन आत येतंय," म्हातारा कण्हला.

एवढ्यात मापुलेंग बातमी घ्यायला आली आणि तिच्यामागून मातुमेलो. तिनं मला घोट्यावर पाहिलं आणि तिच्या हातातलं वासराचं दावं गळून पडलं.

"म्मे! हे काय लावलंत?"

"तूच सांगितलंस. पांढरं."

"हे पांढरं नव्हे. दुसरं पांढरं!"

"दुसरं कोणतं? मीठ?"

"नाही, म्मे."

"मक्याचं पीठ?"

"नाही हो. गार असतं ते."

"गार पांढरं..." मापुलेंगनं कपाळाला आठ्या घातल्या. "विरजलेलं दूध? पायाला? पाय का जेवणार आहे?"

मातुमेलोच्या डोळ्यांत पाणी आलं. शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचा आणि ती तो गिळायची. तिनं वर बोट दाखवलं. "छपरावर असतं ते."

"छपरावरचं पांढरं?" मापुलेंग म्हणाली. "अगं बाई! कबुतरांची घाण? न्खोनो, ती नर्स शुद्धीवर होती ना?"

पोरीचा धीर सुटला. ती धावत बाहेर गेली आणि ओंजळभर बर्फ आणून तिनं सासऱ्यासमोर धरला. बोटांमधून थेंब गळत होते. मान खाली.

म्हाताऱ्यानं ओंजळीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि दुखता पाय विसरून तो जो हसत सुटला, की छपरातलं गवत हललं असेल. "अगं, ही पोर माझं नाव गिळून बसली आहे! लेह्लोआच्या पायावर लेह्लोआ लावायचा आहे! घाला, घाला. मीच मला बरा करतो."

न्खोनो हसली नाही. तिनं मला उचललं आणि बाजूला ठेवलं. आणि मग तिनं माझ्या अंगावरचा घोंगडीचा तुकडा काढला. माझा! माझ्या अंगाचा वास लागलेला, माझ्या उबेनं कडा करपलेला. त्यात तिनं बर्फ बांधला, मनगटाला लावून पाहिला आणि घोट्यावर ठेवला.

म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला. माझा सुस्कारा, मित्रांनो. जो आजवर फक्त माझ्या वाट्याला यायचा.

मी जमिनीवर उघडा पडलो होतो. निवत होतो, पण आतून जळत होतो. त्याचे लाड काय सांगू! थोडा वेळ ठेवायचा, काढायचा, कातडीला उसंत द्यायची, वितळला की फडकं पिळून नवा बांधायचा. मला कधी कोणी असं पिळून, बदलून, जपून हाताळलं नव्हतं. मी मनात म्हणत होतो, हा टिकत नाही, गळतो, उशी भिजवतो. पण ठोके मंदावले होते. तेही मलाच ऐकू येत होते. दगडाला जमिनीतून सगळं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर बर्फाचं कौतुक. मापुलेंग म्हणाली, "न्खोनो, आता त्या गोट्याला ओढ्यात सोडून ये. म्हातारपणी माहेरी जाऊ दे बिचाऱ्याला." न्खोनोनं त्या सकाळी नेमाप्रमाणे मला पुसलं, पण चुलीजवळ न ठेवता फळीवर ठेवलं, आणि ती फळी फार उंच होती.

मापुलेंगनं मग स्वतःच्या जुन्या कंबरदुखीलाही बर्फ बांधला, आणि संध्याकाळी कमानीसारखी वाकून, भिंत धरत आमच्या दारात आली. "न्खोनो, कंबर लाकूड झाली गं! तो तुझा... तो ओढ्यात सोडला तर नाहीस ना?" खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मातुमेलोनं मला फळीवरून काढलं. न्खोनोनं विस्तव केला. मी पांढरा झालो, मापुलेंगच्या कमरेवर बसलो आणि तिच्या जुन्या, ओळखीच्या दुखण्याला हळूहळू सैल केलं. मातुमेलो बाजूला बसून लक्ष देऊन पाहत होती. "म्मे," ती हळूच म्हणाली, "नव्या दुखण्याला ते, आणि जुन्याला हा. असंच ना?"

"असंच दिसतंय," न्खोनो म्हणाली. एवढंच.

मग ऊन पडलं. खाली गावातला बर्फ वितळला, जो सावलीत उरला तो गुरांनी तुडवून शेणाचा चिखल केला. वर खिंडीत मात्र तो तसाच होता, आणि पश्चिमेकडे पुन्हा ढग दिसत होते. जायचं तर मधल्या उघडिपीतच जायला हवं होतं. सूज निम्मी उतरली होती, निम्मी बाकी होती. बूट अजून अडत होता. आणि गेला, तो लाडका गेला! ज्याच्या नावापुढे माना झुकायच्या, तो ऐन गरजेला वळचणीवरून ठिबकून गेला. मी फळीवरून पाहत होतो. हसू आलं. मग म्हाताऱ्याकडे नजर गेली. तो बूट मांडीवर घेऊन खिंडीकडे बघत बसला होता. हसू थांबलं.

संध्याकाळी मातुमेलो माझ्यापाशी आली. दोन्ही हातांनी मला उचलून तिनं घराबाहेर नेलं. मला वाटलं, आलं माहेर. पण ती ओढ्याकडे गेली नाही. इकडे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून घराच्या दक्षिणेला, जिथं हिवाळ्यात दिवसभर ऊन पोचत नाही, तिथं एक फळी मांडून तिनं मला कोरडंच ठेवलं. वर टोपली पालथी घातली. "ओला नाही करत हं," ती मला म्हणाली. माणसाशी बोलावं तसं. सासूनं तिला माझ्या भावाची गोष्ट सांगितलेली होती.

उभ्या आयुष्यात मी आग प्यायलो होतो. त्या रात्री मी गारठा प्यायलो. तो आत शिरताना मला माझा ओढा आठवला, आणि एक गोष्ट कळली, की मी उबेचा नव्हतोच कधी. मला जे द्याल ते मी धरून ठेवतो आणि हळूहळू परत देतो. इतकंच काय ते माझं.

सकाळी तिनं मला घोंगडीत गुंडाळून न्खोनोच्या हाती दिलं. न्खोनोनं मनगटाला लावलं आणि दचकली. "हा तर..."

"छपरावरचं संपलं, म्मे," मातुमेलो म्हणाली. "म्हणून छपराखालचा आणला."

मी घोट्यावर बसलो. आतले ठोके शांत झाले. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. या वेळी तो माझा होता. घोट्याची ऊब लागून मी कोमट झालो, की ती मला पुन्हा सावलीत नेई, आणि पुन्हा आणी. ढग खिंडीवर टेकण्याआधीच्या सकाळी घोट्याला पट्टी बांधून लेह्लोआनं बुटात पाय घातला. हळूहळू, तोंड वाकडं करत, पण गेला. मापुलेंगचा नवरा सोबत निघाला. "घोरू नका हो वाटेत," मापुलेंगनं त्याला बजावलं, "बर्फ कोसळेल."

ती वाट पाहणं मी कधी विसरणार नाही. न्खोनो उंबऱ्यात बसून ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होती. मी चुलीपासून दूर, फळीवर, अंगातला दमटपणा वाळवत होतो. पुढच्या दिवशी, ऊन कलताना, आधी घंटा ऐकू आल्या, मग मेंढ्यांचा गलका, आणि मग मोलेफीची हाक. सगळी आली होती.

म्हातारा घोडीवरून उतरला तो कंबर धरूनच. "पाय ठीक आहे गं. पण ही जुनी कंबर! कुठं आहे तो?"

न्खोनोनं मला फिरवून फिरवून पाहिलं, कुठं ओल नाही ना याची खात्री केली, आणि मगच विस्तवात ठेवलं. म्हाताऱ्याच्या कमरेवर ऊब पसरली तसा तो पालथ्यानंच म्हणाला, "बर्फाच्या जागी बर्फ झाला, आगीच्या जागी आग. आजपासून हाही लेह्लोआच. माझ्याच नावाचा."

सगळे हसले. मातुमेलो हसली नाही. तिनं खाली पाहिलं आणि पदर सारखा करावा तशी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. कारण मित्रांनो, त्या घटकेपासून तिला माझंही नाव घेता येईना. आजही ती मला गोटा म्हणत नाही, दगड तर नाहीच. पुढे तुमेलो जन्मला, रांगत माझ्यापाशी आला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "हात नको लावू हं. ते छपराखालचे आहेत." आहेत, म्हणाली.

बाळांनो, तुमच्या घरीही असा कोणी असेल. रबरी पिशवी असेल, मिठाची पुरचुंडी असेल, नुसतं फडकं असेल. त्याला जपा, आणि लावण्याआधी दुखण्याला त्याचं वय विचारा. नुकतंच मुरगळलेलं, सुजलेलं असेल तर गार. जुनं, आखडलेलं असेल तर ऊब. मध्ये कापड असू द्या, मधून मधून उसंत द्या, आणि पाय टेकवतच नसेल तर आम्हा दोघांनाही बाजूला ठेवून दवाखाना गाठा. आणि निरोप सांगायचा तर दम घेऊन, पुरता सांगा.

अजून दर हिवाळ्यात पहिला बर्फ पडतो. मातुमेलो दारात उभी राहून म्हणते, "म्मे, छपरावरचे आले." तिच्या आवाजातली ती अदब ऐकली, की मी चुलीपाशी बसल्या जागी अजूनही जळतो. पण फार नाही. मनगटाला सोसेल तेवढंच.